फॅक्स केलेला कागद

परदेशी संघाबरोबरच्या मैत्रीपूर्ण सामन्याच्या दहा दिवस आधी खडकीच्या मैदानावर दादाचा घोटा मुरगळला. भारताच्या फुटबॉल संघात त्याची पहिल्यांदाच निवड झाली होती.

वडील दारूगोळा कारखान्यात होते. आजारपण आधी कळवायचं, मग औषध घ्यायचं, ही त्यांची शिस्त. "संघाला अडचणीत टाकायचं नाही. आजच कळवा," ते म्हणाले.

"अहो बाबा, दोन दिवस थांबा की. सूज आहे, पाय तुटलेला नाही," दादा म्हणाला.

घरातली इंग्रजी पत्रं मी लिहायचो. मी नुकताच कॉम्प्युटरच्या क्लासला जाऊ लागलो होतो. टपालाला दिवस लागतात, फॅक्स मिनिटात जातो, हे मीच सुचवलं. माघारीचं पत्र लिहिताना मला दादाच्या पायापेक्षा माझ्या वाक्यांचीच काळजी जास्त होती. दादाने न वाचता सही केली.

पाचव्या दिवशी तो मैदानावर धावत होता. तोवर त्याच्या जागी दुसरा खेळाडू सरावाला पोहोचला होता.

"तुझं इंग्रजी फारच चांगलं रे," दादा म्हणाला. "एका वाचनात पटलं त्यांना."

त्यानंतर त्याने तो विषय कधी काढला नाही. संघाचं बोलावणंही पुन्हा आलं नाही. मी नुसतं 'थांबू या' म्हणालो असतो, तरी वडिलांनी ऐकलं असतं. शिकणाऱ्या मुलाचं ते ऐकत.

दादा गेल्या वर्षी गेला. फॅक्स केला तरी मूळ कागद आपल्याकडेच राहतो. तो माझ्या कपाटात आहे. अक्षर माझं आहे, सही दादाची.