दोन टेपा, दोन गावे

आदरणीय सोनकांबळे सरांची आणि माझी पहिली भेट एका वादात झाली. सर नांदेडच्या महाविद्यालयात संगणक केंद्राचे प्रमुख होते. माझे पती सुधाकर नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या विहिरींची पाणीपातळी मोजत आणि त्या नोंदी सरांच्या केंद्रात साठवत. लग्नानंतर मी प्रथमच तिथे गेले, तेव्हा टेबलावर संगणकातली माहिती साठवायच्या दोन चुंबकीय टेपा होत्या आणि दोघांची हुज्जत चालली होती.

सुधाकर यांना चार मिलिमीटर फितीची डॅट नावाची टेप हवी होती, काडेपेटीपेक्षा जराशी मोठी. सरांचा आग्रह अर्धा इंच फितीच्या, मोठ्या डीएलटी टेपचा.

"सर, ही टेप हाय का वीट? माझी खिशात मावती," सुधाकर म्हणाले.

"खिशातलं धुण्यात जातंय." सर माझ्याकडे वळले. "काय वहिनी, खिसे तपासता का न्हाई?"

मी नुसती हसले. मग सरांनी मला दोन्ही टेपांतला फरक समजावला. छोटी टेप वेगाने फिरणाऱ्या ड्रमभोवती गुंडाळली जाते, त्यामुळे तिची पातळ फीत लवकर झिजते. मोठीची फीत नोंदी वाचणाऱ्या स्थिर हेडवरून सरळ जाते. ती टिकते, पण तिचे यंत्र महाग. शेवटी सरांनीच तोड काढली. नोंदी दोन्हींवर उतरवायच्या. छोटी टेप लातूरला सुधाकर यांच्याकडे, मोठी नांदेडला. आणि दरवर्षी वाचून पाहायच्या. "वाचून न पाहिलेली प्रत म्हणजे प्रतच न्हाई," असे सर म्हणत.

पुढे केंद्रातली जुनी यंत्रे भंगारात निघाली, तेव्हा सरांनी दोन्ही टेपांची यंत्रे परवानगी घेऊन ठेवून घेतली. "पेटी जपायची आन् किल्ली विहिरीत टाकायची का?" असे त्यांनी विचारल्याचे सुधाकर घरी हसत सांगत. हिमायतनगरकडच्या विद्यार्थ्यांची शेवटची एसटी चुकली की त्यांची सोय सरांच्याच घरी होई, हे इथल्या अनेकांना ठाऊक आहे.

गेल्या वर्षी सुधाकर गेले. आपल्या नोंदी नव्या अभ्यासकांना मिळाव्यात, एवढेच त्यांचे शेवटी मागणे होते. मी लातूरची टेप सरांकडे नेली. छोट्या टेपच्या यंत्राने ती आत ओढली आणि फीत चुरगळली.

सरांनी यंत्र उघडून सावकाश फीत सोडवली आणि टेप माझ्या हातात दिली. "ही सुधाकरची हाय, घरी जपून ठेवा. आता माझी बघू."

निवृत्तीनंतरही ते दरवर्षी आपली टेप वाचून पाहत होते, हे मला तेव्हा कळले. पडद्यावर पहिली विहीर उमटली ती अर्धापूरची, केळीच्या बागेतली. 'मी तेव्हाच सांगितले होते' असा एक शब्दही सर बोलले नाहीत. मी त्यांची सर्वांत जास्त ऋणी आहे ती यासाठी.

त्या नोंदी आम्ही एलटीओ नावाच्या नव्या टेपांवर उतरवल्या. पुन्हा दोन प्रती, पुन्हा दोन गावे. लातूरची प्रत सरांनी माझ्याकडे सोपवली. "आता वाचायचं काम तुमचं, वहिनी."

नवी यंत्रे फार मागच्या पिढीच्या टेपा वाचत नाहीत, म्हणून काही वर्षांनी हे सारे पुन्हा करावे लागेल. तेव्हा टेप मी घालीन. आज पंचाहत्तरी गाठलेल्या सरांनी शेजारी खुर्चीत बसून फक्त "वाचून पाहिलं का?" एवढे विचारावे. तेव्हा, आणि त्यापुढच्या प्रत्येक वेळी, हे विचारायला सर ठणठणीत असोत.