साडूंचे खिळे

आमच्या साडूंइतका खिळ्यावर विश्वास असलेला माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडणार नाही. राबणाऱ्याच्या हातची वस्तू भिंतीवर मानानं टांगली की त्याला न्याय मिळायला सुरुवात होते, असं त्यांचं ठाम मत. बोरीला चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी एक रिकामं गोदाम धरलं आणि कलादालन थाटलं. आमच्याकडे अंगण झाडायला येणाऱ्या बाईनं बांधलेला खराटा त्यांनी एकदा चहा घेता घेता इतका निरखला, की दुसऱ्या दिवशी तो दालनात गेला. खाली तिचं पूर्ण नाव. आमचं अंगण मात्र आठ दिवस तसंच पडून राहिलं.

दालनाचा कायदा कडक. खुर्ची फक्त वस्तू करणाऱ्याला, बाकी सगळे सतरंजीवर. फीतही त्यानंच कापायची. एका पुढाऱ्यांनी कात्री उचलली, तर साडूंनी ती हळूच काढून घेतली आणि विचारलं, "साहेब, ह्यातलं तुमी काय केलंय?"

दोन वर्षांमागं ऊसतोडीला निघालेली टोळी ट्रॅक्टरमध्ये बसत होती. त्यातल्या कासाबाईच्या गठुड्यातून वाकळ डोकावत होती. जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची गोधडीच ती, पण टाके असे की नजर हटू नये. साडूंनी तिथंच हात जोडले. मास्तरच मागतात म्हटल्यावर ती नाही कशी म्हणणार? वाकळ भिंतीच्या मधोमध लागली आणि फीत कापणारी गेली दूर उसाच्या फडात. साडूंनी दालनाला कुलूप घातलं. उद्घाटन ती आल्यावरच. अख्खा हिवाळा लोकांनी ते प्रदर्शन दाराच्या फटीतून बघितलं. पुढारी दोनदा येऊन परत गेले.

उन्हाळ्याच्या तोंडावर टोळी परतली. कासाबाईनं फीत कापली, अंग चोरून खुर्चीवर बसली, मग उठून वाकळेवरून हात फिरवत राहिली. कसं वाटतंय, असं साडूंनी मोठ्या कौतुकानं विचारलं.

"लय मान दिला मास्तर," ती म्हणाली. "पर फडावर लेकरं थंडीनं कुडकुडायची, तवा हीच आठवायची."

 साडूंनी स्वतः वाकळ उतरवली, घडी घातली आणि तिच्या हातात दिली.  या माणसाबद्दल इतकी माया मला आधी कधी वाटली नव्हती.

आता थंडीत बोरीला गेलात तर निम्म्या भिंतीवर नुसते खिळे दिसतात. प्रत्येकाखाली करणाऱ्याचं पूर्ण नाव आणि साडूंच्या वळणदार अक्षरातली पाटी, 'वस्तू कामावर गेली आहे.' लोक येतात, सतरंजीवर बसून खिळे बघतात आणि जातात. गारठा वाढला की साडू दालन बंद करण्याआधी त्या मधल्या खिळ्यापाशी थांबतात. तो रिकामा आहे याची खात्री करून घेतात आणि मगच घरी जातात.