पूर्णा गावची शेवंतामावशी आणि तेलाचे रिकामे कॅन

गेल्या महिन्यात एका रविवारी मी आणि बाबा ठाण्याहून पूर्णा गावी जाऊन आलो. अंतर फार नाही, पण बाबांना घराबाहेर काढायला मला दोन महिने लागले. त्यांचे हात थरथरतात. चारचौघांत कपातला चहा सांडतो, म्हणून त्यांनी हळूहळू कुठेही जाणंच सोडलं होतं. माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी ज्योती म्हणाली, "माझ्या मावशीकडे जा. काकांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला. तेव्हापासून ती रिकाम्या कॅन-बाटल्यांतून त्यांना वापरता येतील अशा वस्तू करते." बाबांना मी एवढंच सांगितलं, की गच्चीवरची बाग बघायला जायचंय.

सकाळी आठला निघालो. बाळकुम, कशेळीचा पूल, काल्हेर, मग पूर्णा. तुम्हीही रविवारी सकाळीच जा. एरवी गोदामांकडे निघालेल्या कंटेनर-ट्रकांमागे अडकायला होतं. बसने जाता येतं, पण बाबांसाठी मी रिक्षा केली. अडीचशे रुपये झाले. भेट म्हणून घरातले सहा रिकामे कॅन धुऊन नेले. मिठाईपेक्षा मावशीला तेच आवडेल, असं ज्योतीने बजावलं होतं.

शेवंतामावशींच्या शेतावर आता गोदाम आहे. गच्चीत मात्र वांगी, मिरच्या, माठ, वालाचे वेल, सगळं तेलाच्या कॅनमध्ये. कॅन मधोमध कापायचा, वरचा भाग उलटा करून खालच्यात बसवायचा. वर माती, खाली पाणी, आणि तोंडातून सोडलेली जाड सुताची वात. सूत लूमवरचं, म्हणजे यंत्रमागावरचं, टाकाऊ.

"वात पानी वर खेचते. दोन दिस घरात कोन नसला तरी झाड सुकत न्हाय," मावशी म्हणाल्या. कडा पॉलिश पेपरने घासायच्या, नाहीतर हात कापतो. ॲसिड-फिनेलचे डबे भाजीला अजिबात वापरायचे नाहीत. मी भराभर लिहून घेत होते. बाबा मात्र हात खिशात घालून दाराशीच उभे होते.

काका डाव्या हाताने रोपांना पाणी घालत होते. मुठीचा कॅन, झाकणाला तापल्या सुईने पाडलेली भोकं. जड होऊ नये म्हणून कॅन अर्धाच भरलेला. बाबांना पाहून त्यांनी तो पुढे केला.

"माझ्याच्यानं नाही होणार," बाबा म्हणाले आणि खिशातला हात काढून दाखवला. त्यांनी आपणहून तो कुणाला दाखवलेला मी पहिल्यांदाच पाहत होते.

काकांची जीभ जड झाली आहे, पण शब्द कळले. "माझा तर हलतच न्हाय. तुमचा हलतोय तरी."

बाबा हसले. कॅन घेतला. हात थरथरत होता आणि त्याबरोबर पाणी माठाच्या रोपांवर बारीक, सगळीकडे सारखं पडत होतं. एक रांग झाली, दुसरी झाली. मी पाठ फिरवून वालाच्या शेंगा बघत राहिले.

मग चहा आला. कपडे धुण्याच्या लिक्विडची रुंद मुठीची बाटली वरून कापलेली, तळाला वाळू, मध्ये चिंध्यांनी घट्ट बसवलेला स्टीलचा पेला. काकांकरता केलेला तो जोड मावशींनी बाबांसमोर ठेवला. बाबांनी दोन्ही हातांनी धरून आमच्यासमोर चहा संपवला. थोडा सांडला, चिंध्यांनी टिपला. दुपारी तांदळाची भाकरी, वालाचं कालवण आणि सुका जवळा जेवूनच निघालो. जेवणाचे पैसे देऊ का, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

घरी आल्यावर मी तसाच जोड करायला बसले. पहिली बाटली वाकडी कापली, दुसरीत पेला डुगडुगत राहिला. बाबांची थरथर तशीच आहे, औषधंही तीच आहेत. कधी वाटतं, एका बागेचं मी फारच कौतुक करतेय.

मग परवा रात्री जेवताना मी म्हटलं, "पुढच्या रविवारी मावशींना विचारून येऊ या का, पेला कसा बसवतात ते?"

"रविवारपर्यंत कशाला थांबायचं?" बाबा म्हणाले. "तुला शाळा आहे. मी जातो बसने."

काल ते एकटेच गेले.