पहिल्या पायावरची खूण

ख्रिस्ती मंडळीत त्याला सगळे ‘पटाशी’ म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. सुतार होता, तेव्हा रंधा म्हणता आलं असतं, करवत म्हणता आलं असतं. पण त्याची जीभच तशी होती. लागली की सालपट निघालंच म्हणून समजा. लाकडावर हात असा की बघत राहावं, आणि तोंड असं की कानांत बोटं घालावीत. देवही एकेका माणसात काय काय भरून पाठवतो!

या जिभेनंच त्यानं धाकटा भाऊ घालवला. दोघांचा सुतारखाना वडिलांपासूनचा. तिथं भिंतीवर खिळ्याला लाकडाचा एक पाय टांगलेला असे, वडिलांनी लाल फुली मारलेला. नियम एकच. बाक असो, खुर्ची असो, प्रत्येक पायाची खूण त्या पहिल्या पायावरूनच करायची. नुकत्याच कापलेल्या पायावरून पुढच्याची करायची नाही, कारण पेन्सिलीची रेघ दर वेळी केसभर बाहेर सरकते, आणि केस केस करत दोन बोटं कधी होतात ते कळतही नाही. सात वर्षांपूर्वी धाकट्यानं घाईत नेमकं तेच केलं. सहा खुर्च्या डुगडुगायला लागल्या. पटाशीनं गिऱ्हाइकांदेखत त्याला सोलून काढला. “तुझ्यापेक्षा हे लाकूड शहाणं! बाप असता तर तोंड लपवून बसला असता!” धाकट्यानं कानावरची पेन्सिल काढून फळीवर ठेवली आणि गेला. तो आता एका दवाखान्यात पलंग आणि चाकाच्या खुर्च्या दुरुस्त करायचा.

त्या दिवसापासून पटाशी मनातून हलला, हे मात्र खरं. नुसता रविवारी देवळात बसणारा माणूस गुडघे टेकून प्रार्थना करायला लागला. देवळाचे म्हातारे पाळक त्याला म्हणाले, “विश्वास ठेवलास, छान झालं. आता त्यावर काही बांधशील की नुसताच पाया धरून बसशील?” मग यानं बांधायला घेतलं. आधी शिव्या सोडल्या. मग राग आला की बाहेर जाऊन पाणी प्यायची सवय लावली. पहिल्या वर्षी पाणी पिऊन पिऊन पोट फुगायची वेळ आली. हळूहळू तोंड ताब्यात आलं. फक्त धाकट्याकडे जायचं तेवढं राहिलं. उद्या जाऊ, परवा जाऊ. असं म्हणत दिवस निघून जायचा.

अशात मंडळीतल्या एका घरी नवा उपदेशक येऊ लागला. बोलणं लोण्यासारखं. माणूस खोटा होता असं मी म्हणणार नाही; त्याला स्वतःलाही ते खरंच वाटत असावं. तो सांगे, “ख्रिस्तानं तुमचं सगळं वधस्तंभावर फेडलं. आता कसली धडपड? माणसापुढे नाक घासायला जाल, तर प्रभूची क्षमा अपुरी आहे असंच म्हणाल ना?”

पटाशीला कोण बरं वाटलं! घरी येऊन त्यानं बायकोला सांगितलं, “सुटलो बघ. धाकट्याकडे जायलाच नको.”

बायको भाजी निवडत होती. “हे कुठं लिहिलंय हो?”

“त्यांना दर्शनात कळलंय.”

“दर्शनात होय! मग बरंय,” ती म्हणाली, आणि भाजीचे देठ अंमळ जोरातच मोडू लागली.

देवळासाठी बारा बाक करून द्यायचे त्यानं कबूल केलं होतं. हे त्याचं अर्पण. रविवारी पाळक ते प्रार्थना करून देवाला वाहणार होते. काम करताना कानांत त्या उपदेशकाची भाषणं चालू. मन असं हलकं झालेलं की खिळ्यावरचा पाय काढा, पुन्हा टांगा, हा खटाटोप नकोसा झाला. हाताशी होता तोच पाय पुढच्यावर ठेवून त्यानं रेघा ओढल्या. अठ्ठेचाळीस वेळा.

शनिवारी सकाळी बाक देवळात मांडले. पाळक मूळचेच ठेंगणे. कौतुकानं शेवटच्या बाकावर जाऊन बसले, तर पाय अधांतरी! पाय हलवत ते म्हणाले, “बाक सुरेख झालेत रे. मीच आटलोय की काय?”

पटाशीनं मोजपट्टी लावली. पहिला बाक बरोबर. शेवटचा दोन बोटं उंच. ओरडायला तोंड उघडलं, पण ओरडणार कुणावर? सुतारखान्यात तो एकटाच होता. तिथंच बसून त्यानं उपदेशकाला फोन लावला.

“माफी मागायची गरज नाही, हे शास्त्रात कुठं आहे ते सांगा.”

“बंधू, अक्षरात अडकू नका. माझ्या गुरूंनीही मला हेच शिकवलं.”

“आणि त्यांना?”

“त्यांच्या गुरूंनी.”

पटाशीनं फोन खाली ठेवला. शेवटच्या बाकाकडे बघता बघता त्याला उमगलं, इथंही रेघेवरून रेघच ओढली गेली होती. वेदीवरचं बायबल त्यानं आपल्या हातानं उघडलं. प्रभू ख्रिस्तानं डोंगरावर स्वतः सांगितलेलं होतं. भावाचं मन दुखावलेलं असताना कुणी अर्पण घेऊन आला तर त्यानं ते तिथंच ठेवून आधी भावाशी समेट करायचा, तेही सरळ, लहान मुलालाही कळेल असं. हे त्यानं शंभरदा ऐकलं होतं. लाज वाटली त्याला, भयंकर लाज वाटली.

“बाक असेच राहू देत,” तो पाळकांना म्हणाला. “उद्या वाहू नका. मी येतो जाऊन.”

वाटेत सुतारखान्यात थांबून त्यानं खिळ्यावरचा पाय काढून घेतला.

दवाखान्याच्या मागच्या खोलीत धाकटा एका खुर्चीचं चाक बसवत होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा चाकाकडे वळला. “सात वर्षं लागली, दादा?”

उपदेशकाचं सगळं रामायण पटाशीच्या ओठांवर आलं होतं. ते त्यानं गिळलं. “लागली. चूक माझी होती. सहा खुर्च्या तुझ्या हातून वाया गेल्या, पण भाऊ माझ्या तोंडानं घालवला. मला माफ कर.”

धाकटा चाक उगाच फिरवत राहिला.

“आणि मीही तेच केलं,” पटाशी म्हणाला. “देवळाच्या बाकांना. अठ्ठेचाळीस पाय.”

“अठ्ठेचाळीस?” धाकट्याचा हात थांबला. हसू दाबायला त्यानं तोंड फिरवलं, पण खांदे हलायला लागले, आणि मग कळेना की तो हसतोय की रडतोय. पटाशीला तेही कळेना आणि स्वतःचंही कळेना.

त्यानं लाल फुलीचा पाय पुढे केला. धाकट्यानं तो घेतला, वडिलांच्या फुलीवरून अंगठा फिरवला आणि उठून हात पुसले.

“चल,” तो म्हणाला. “पण खुणा मी करणार. तू नुसता बाक धर.”

“धरतो,” पटाशी म्हणाला, आणि जन्मात पहिल्यांदा त्यापुढे एक शब्दही बोलला नाही.