एकाच बाईंच्या नावाचे दोन रिपोर्ट

मित्रांनो, एक सल्ला पाहिजे, म्हणून इथं लिहून राहिलो.

लातूरच्या एका लॅबसाठी मी पायथॉनमध्ये प्रोग्राम लिहिलाय. रक्त तपासायच्या मशीनसोबत आलेली लायब्ररी, म्हणजे तयार प्रोग्राम, सी भाषेतली. तिच्याकडून पेशंटचं नाव-गाव आणि आकडे घ्यायचे नि रिपोर्ट छापायचा.

तिथल्या टेक्निशियन सुनंदाताई रिपोर्ट देताना आधी "कोण्या गावचे?" विचारतात. आज एक बाबा म्हणाले, "रेणापूर." गठ्ठ्यात रेणापूरचा रिपोर्टच न्हाई! उदगीरच्या एका बाईंचे मात्र दोन. एकात शुगर नॉर्मल, दुसऱ्यात लई वाढलेली.

ताईंचा फोन आला. "यातला बाबांचा कोणता, सांग की!"

दोन्हींवर नाव-गाव बाईंचंच, म्हणून दोघांचं रक्त परत घ्यायला लावलं.

चूक माझीच. सी नाव देत नाही, नाव मेमरीत जिथं लिहिलंय तिथला पत्ता देतं. मी नाव उतरवून न घेता नुसता पत्ता जपून ठेवला. बाबांचा रिपोर्ट छापायच्या आत बाईंचं सॅम्पल लागलं, आणि लायब्ररीनं त्याच जागी बाईंचं नाव-गाव लिहिलं; आकडे मात्र ज्याचे त्याचेच राहिले. ट्रायलला मी एकेकच सॅम्पल लावलं होतं, तेव्हा सगळं बरोबर यायचं.

दुरुस्ती एका ओळीची: नाव मिळताच कॉपी करायचं. केली. पण प्रोग्राम आठ दिवसांपासून चालू हाय. आता सगळ्यांना परत तपासणीला बोलवायचंय; ताईंनी रजिस्टरमधली निम्मी नावं माझ्याकडं फोन करायला दिलीत.

"तुम्हाला काही न्हाई" ऐकून जो माणूस निवांत घरी गेलाय, त्याला पहिलं वाक्य काय बोलू?