जाड रॉड

आमच्या व्यायामशाळेत डेडलिफ्टसाठी, म्हणजे जमिनीवरचे वजन धरून ताठ उभे राहण्यासाठी, दोन रॉड होते. जाड रॉड तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला असलेल्या एका सभासदाने लेथवर काढून आणला होता. गुळगुळीत आणि ताठ. कितीही प्लेटी चढवा, जरासुद्धा वाकत नसे. बारीक रॉड जुना होता. त्यावर पकडीसाठी खाचा कोरलेल्या होत्या. उचलताना तो आधी मधून लवायचा, प्लेटी जमीन मागाहून सोडायच्या, आणि तेवढ्यात उचलणाऱ्याला कंबर सावरून घेता यायची. या दोन रॉडांतला एक निवडताना मी जे केले, ते आजवर कुणालाही सांगितलेले नाही.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोपरखैरण्यात, बोनकोड्याच्या अंगाला, पत्र्याच्या शेडमध्ये ही व्यायामशाळा होती. मी वाशीत एका ऑफिसात कारकून. ज्याच्याशी मी ते केले, तो मार्केटात माथाडी, साताऱ्याकडचा, माझ्याहून तीन वर्षांनी लहान. तो येईपर्यंत शेडमध्ये सगळ्यात जास्त वजन मी उचलायचो. सहा महिन्यांत त्याने मला मागे टाकले. तरी मला दादा म्हणायचा, माझ्या प्लेटी उचलून जागेवर ठेवायचा. त्याचा मला जास्तच राग यायचा.

जिल्ह्याच्या डेडलिफ्ट स्पर्धेला आमचे वस्ताद एका वजनगटात एकच गडी पाठवत. आम्ही दोघे एकाच गटात. जिल्ह्यात पहिल्या तिघांत आले की पोलीस भरतीत खेळाडूंच्या जागेसाठी अर्ज करता येतो, असे त्याला कुणीतरी सांगितले होते. वयाची दोनच वर्षे उरली होती. "एकदा वर्दी अंगावर आली की पाठीवरचं पोतं सुटंल, दादा," असे तो मला म्हणाला होता. मला नोकरी होती. मला फक्त जायचे होते.

निवडीच्या दिवशी वस्तादांचा एक नियम असे. रॉड जुन्या सभासदाने निवडायचा, आधी कोण उचलणार ते नव्याने. दोघांनी उचलायचे त्याच रॉडवर. जुना मी होतो.

त्याच्या उजव्या हाताच्या शेवटच्या दोन बोटांत पूर्वी पोती ओढायचा आकडा घुसला होता. ती बोटे पुरती मिटत नसत. बारीक रॉडवर ते चालून जाई. जाड रॉडला तो कधी हात लावत नसे. हे मला ठाऊक होते. म्हणून तो कामावर असताना मी पंधरा दिवस जाड रॉडवर सराव केला.

रविवारी सकाळी शेड भरली होती. त्याचे चार-पाच मार्केटवाले दोस्तही आले होते.

"बोला, कुठला रॉड?" वस्तादांनी मला विचारले.

"जाड," मी म्हणालो. "स्पर्धेत जाडच असतो."

हे खोटे होते. वस्ताद जुने पैलवान, लोखंडाच्या स्पर्धांना जात नसत. आदल्या वर्षी फॉर्म भरून शेडमधून मी एकटाच गेलो होतो. तिथला रॉड आमच्या बारीक रॉडसारखा होता. ते पाहिलेला शेडमध्ये मी एकटाच.

"अरे, ह्यो रॉड हाय का पाण्याचा पाइप?" त्याचा एक दोस्त ओरडला. सगळे हसले.

तो हसला नाही. "दादा सोता बघून आल्यात. तिथं जाड असंल तर हितं बारीक उचलून काय करू? दादा, तुमी आधी."

मी एकशे नव्वद किलो उचलले.

मग तेवढ्याच वजनाला तो वाकला. रॉड गुडघ्यापर्यंत सरळ वर आला. तिथे ती दोन बोटे उघडली आणि प्लेटी दणकन खाली आल्या.

"पोतं समज, पोतं!" दोस्त ओरडले.

दुसऱ्या वेळीही तसेच. तिसऱ्यांदा त्याने खडूची पूड मनगटापर्यंत चोळली, देवाचे नाव घेतले, आणि रॉड गुडघ्याच्याही वर नेला. मी मनात म्हणत होतो, सुट, सुट. सुटला.

"पाठ न्हाई हरली याची," वस्ताद म्हणाले. "हात हरला." ते माझ्याकडे पाहत होते, की मलाच तसे वाटले, सांगता येत नाही.

शेडमधून याही वर्षी मी एकटाच गेलो आणि स्पर्धेत चौथा आलो. तिसऱ्याने दोनशे पाच उचलले होते. आमच्या माथाड्याने शेडमध्ये बारीक रॉडवर दोनशे दहा दोनदा उचलले होते.

सोमवारी तो कामावरून थेट आला, आकडा कमरेला तसाच.

"दादा, तिथला रॉड कसा हुता?"

अजूनही सांगता आले असते. भरतीसाठी त्याच्या हातात अजून एक वर्ष होते.

"जाडच होता," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "मग बरं झालं, तुमी गेला. माझा हात तिथं चार लोकांत सुटला असता." मग माझ्याकडे पाहून हसला. "औंदा बोटं तयार करतो."

त्या दिवसापासून त्याने बारीक रॉड सोडला. रोज संध्याकाळी जाड रॉड उचलायचा, तो सुटायचा, तो पुन्हा वाकायचा. प्लेटी आदळल्या की मी दुसरीकडे बघायचो. सात-आठ महिन्यांत बोटे एवढी सुजली की मार्केटात आकडा धरवेना. तेव्हा वस्तादांनी त्याचे लोखंड बंद केले. पुढच्या निवडीला तो आला, पण बघायला.

एवढे दिवस बारीक रॉड मोकळाच असायचा. तो मी वापरत होतो.