टँकरच्या पाण्यात बुडवलेल्या पिशव्या

चूक माझी होती आणि ती मी एका सहकारी बाईंच्या नावावर जाऊ दिली.

आमच्या लहानशा कंपनीत विमानाच्या पंखासाठी रबरी पिशव्या बनत होत्या, बोटाच्या पेराएवढ्या. पंखाच्या पातळ पत्र्याखाली त्या ओळीनं बसवायच्या. आत हवा भरली की त्या फुगतात, पंखावर बारीक उंचवटे येतात आणि सुटू पाहणारा वारा पुन्हा पंखाला धरून वाहतो. चिकटवण्याचं काम गंगापूरहून रोज एसटीनं येणारी माझी सहकारी इंजिनियर करायची. त्याआधी पिशव्या पाण्यात बुडवून गळती पाहणं माझ्याकडे.

ते दुष्काळाचं वर्ष होतं. पहाटे घरी टँकरसाठी जागायचं आणि तसंच कामावर यायचं. चाचणीसाठी लागणारं शुद्ध पाणी संपलं होतं. मागवायला हवं होतं, पण मी कंटाळलो आणि पिंपात टँकरचंच पाणी भरलं. तेच आठवडाभर वापरलं.

तिनं एकदा डोकावून पाहिलं. "सर, असल्या पाण्यात आमच्याकडं म्हशी बी उतरत नायत."

मी हसण्यावारी नेलं.

चाचणीसाठी जोराचा वारा सोडतात त्या बोगद्यात पंख लावला, तेव्हा मधल्या पिशव्या फुगल्याच नाहीत. ग्राहक समोर उभे होते. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं.

"गोंद आत गेला असेल," मी म्हणालो.

नंतर एकट्यानं पिशव्या कापून भिंगाखाली धरल्या. पिशवीत हवा जायच्या केसाएवढ्या वाटेत गोंद नव्हता, पांढरा क्षार होता. बुडवलेल्या पिशवीतली हवा काढली की ती त्याच वाटेनं थोडं पाणी आत ओढते. ते वाळून वाट बुजली होती. मी तुकडे कचऱ्यात टाकले.

तिला पिशव्यांच्या जोडणीवरून काढून खरेदीच्या टेबलावर बसवलं. ती भांडली नाही. "लई जपून लावला होता हो सर. कुठं चुकलं, कळंना," एवढंच म्हणाली. पुढं कितीतरी दिवस जेवणाच्या सुट्टीत ती टाकाऊ रबरावर गोंद लावून बघायची. मी डबा घेऊन दुसरीकडे बसायचो.

वर्षं गेली. शहर कंपनीच्या पलीकडे पसरलं. बंद पडलेलं पिशव्यांचं काम यंदा पुन्हा आलं. जोडणीला कुणाला घ्यायचं, अशी चर्चा साहेबांसमोर निघाली. तिचं नाव येताच कुणीतरी म्हणालं, "त्यांनी मागं घोळ केला होता ना?" सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मला आणखी गप्प बसण्याचंही त्राण उरलं नव्हतं. तिथंच साहेबांना सगळं सांगितलं आणि तिच्या टेबलापाशी गेलो.

"बसा ना सर. चहा सांगू?"

"नको. त्या पिशव्यांत तुमचा गोंद गेला नव्हता. माझ्या पाण्याचा क्षार होता. मी तेव्हाच पाहिलं होतं आणि बोललो नाही. साहेबांना आत्ता सांगून आलोय. तुमचं काम मी घालवलं. मला माफ करा."